फोन १२० हर्ट्झचा आहे, पण स्क्रीनवर बदलतंय किती?

दहा-बारा हजारांच्या फोनच्या जाहिरातीतही आता '१२० हर्ट्झ' हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं. सप्टेंबर २०२५मध्ये ॲपलनेही आपल्या साध्या आयफोन १७ला १२० हर्ट्झची स्क्रीन दिली. 'प्रो' मॉडेलपुरती राखून ठेवलेली चैन सगळीकडे पोचली. त्याच सुमारास दुसरी एक बातमी मोठी होत होती. मेमरी चिप्स महागल्या. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, प्रचंड लागते, आणि चिप बनवणारे कारखाने काही एका रात्रीत वाढत नाहीत. मायक्रॉन या कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा आपला साध्या ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण माल डेटा सेंटरकडे वळवायचा होता.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या तर आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. नवा फोन महाग होणार, म्हणून हातातला फोन आणखी वर्ष-दोन वर्षं ओढावा लागणार. आणि त्या फोनची स्क्रीन मात्र सेकंदाला १२० वेळा ताजी व्हायला टपून बसलेली. बॅटरी जुनी, काम दुप्पट.

मग मी गेमवर काम करणारा माणूस म्हणून एक जुना प्रश्न पुन्हा काढतो. सेकंदाला १२० वेळा नवीन चित्र काढायचं, ठीक आहे. पण त्या चित्रात खरोखर नवीन काय असतं?

लुडोचा हिशोब

आकडे करून बघू. सध्याच्या बऱ्याच फोनची स्क्रीन १०८० × २४०० पिक्सेलची असते. गुणाकार केला की २५,९२,००० पिक्सेल. एका पिक्सेलच्या रंगाला साधारण ४ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला, एका फ्रेमला, सुमारे १० एमबी. सेकंदाला ६० फ्रेम काढल्या तर ६२२ एमबी, १२० काढल्या तर जवळपास सव्वा जीबी. दर सेकंदाला. आणि हे फक्त एकदा लिहिण्याचं. ग्राफिक्स चिप मेमरीत लिहिते, मग डिस्प्ले तेच मेमरीतून वाचतो, म्हणजे वाहतूक दुप्पट. एकावर एक थर रंगवले (मागे आकाश, त्यावर डोंगर, त्यावर झाड, त्यावर बटण) तर काम आणखी वाढतं. फोनमध्ये नुसती गणितं करण्यापेक्षा ही मेमरीची ने-आण बॅटरीला जास्त महाग पडते, हे ध्यानात ठेवा.

आता लुडो घ्या. पट १५ × १५ घरांचा. १०८० पिक्सेल रुंदीत १५ घरं, म्हणजे एक घर ७२ पिक्सेलचं. सोंगटी एक घर पुढे सरकली तर बदललं काय? जिथून उठली ते घर आणि जिथे बसली ते घर. ७२ × १४४, म्हणजे १०,३६८ पिक्सेल. पूर्ण स्क्रीनच्या बरोबर २५०वा भाग. बाकीचे २४९ भाग जसेच्या तसे आहेत. आणि पुढचा खेळाडू फासा टाकायच्या विचारात पडला असेल, तर काहीच बदललेलं नाही. शून्य पिक्सेल.

तरीही बहुतेक गेम पूर्ण पट, सगळी घरं, सगळ्या सोंगट्या, मागची नक्षी, कोपऱ्यातलं सेटिंगचं चाक, सगळं पुन्हा काढतात. सेकंदाला ६० वेळा. पाहुणे येणार म्हणून बैठकीची खोली आवरायच्या ऐवजी दर मिनिटाला अख्खं घर पुसून काढण्यासारखं आहे हे.

मळके चौकोन

फक्त बदललेला भाग पुन्हा काढायचा, या युक्तीला प्रोग्रामिंगमध्ये 'डर्टी रेक्टँगल' म्हणतात. मळका चौकोन. जिथलं चित्र आता खरं राहिलेलं नाही तो भाग 'मळला' असं मानायचं, त्याची नोंद ठेवायची, आणि फ्रेम काढताना तेवढाच धुवायचा.

ऐकायला सोपं आहे. यातली मेख अशी की दोन चौकोन मळतात. वस्तू जिथे नव्याने आली तो आणि जिथून गेली तो. जिथून गेली तिथे मागे काय होतं ते परत काढावं लागतं. ते काढलं नाही तर? तर तुम्ही ते दृश्य पाहिलेलं आहे. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विंडोज एक्सपी असेल तर आठवा. एखादा प्रोग्राम अडकला की त्यावरून दुसरी खिडकी ओढत न्यायची आणि तिच्या मागे तिच्याच शेकडो प्रतींची रांग उमटायची. आम्ही मुद्दाम चित्रं काढायचो तशी. घडत असं होतं की वरची खिडकी सरकली की विंडोज खालच्या प्रोग्रामला सांगायची, "बाबा रे, तुझा हा हा चौकोन मळला, पुन्हा काढ." प्रोग्राम अडकलेला, उत्तर कोण देणार? मळका भाग मळकाच राहायचा. २००७च्या व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं साठवून शेवटी एकत्र जोडायला लागली आणि ती मजा गेली.

सॉलिटेअर जिंकल्यावर पत्ते उड्या मारत खाली येताना मागे जी माळ सोडायचे, तीही हीच गोष्ट. फरक इतकाच की तिथे जुना पत्ता न पुसणं हा बिघाड नव्हता, तीच शोभा होती. आणि कॉम्प्युटरचं काम किती? फक्त एक पत्ता काढायचा.

मंद मशीन, वेगवान डोकं

१९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानच्या टायटो कंपनीचा गेम, बनवणारे तोमोहिरो निशिकादो. प्रोसेसर इंटेल ८०८०, वेग २ मेगाहर्ट्झ. स्क्रीनची मेमरी २५६ × २२४ पिक्सेल, काळा-पांढरा, म्हणजे ७ केबी. तेवढीही स्क्रीन दर फ्रेमला पूर्ण पुसून पुन्हा काढणं त्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचं होतं. पडद्यावर परग्रहवासी ५५. मग गेम दर फ्रेमला एकच परग्रहवासी हलवतो. एकाला सरकव, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याला. ५५ जणांची एक फेरी व्हायला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून फौज सुरुवातीला डुलत डुलत येते.

आता तुम्ही गोळ्या झाडून दहाच शिल्लक ठेवले, तर फेरी दहा फ्रेममध्ये संपते. सेकंदाचा सहावा हिस्सा. एकच उरला तर तो दर फ्रेमला पळतो. गेम जसा संपत येतो तसा वेग वाढत जातो, छातीत धडधडायला लागतं, ते मुळात थोडं-थोडं चित्र काढण्याच्या सक्तीतून आलं. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. पुढच्या कित्येक गेमनी 'शेवटी वेग वाढव' हा नियम मुद्दाम लिहून घेतला.

दुसरं उदाहरण माझ्या जास्त आवडीचं आहे, कारण त्यात अडचण नेमकी आजच्यासारखी आहे. १९९०. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं श्रीव्हपोर्ट. जॉन कारमॅक हा तेव्हा विशीचा मुलगा सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरीला. निन्तेंदोच्या मशीनवर मारियो पळतो तेव्हा मागचं दृश्य लोण्यासारखं सरकतं. ऑफिसातल्या पीसीवर तसं काही होत नव्हतं. कारण निन्तेंदोच्या मशीनमध्ये चित्र सरकवण्यासाठी खास चिप होती. पीसी हा हिशोबाच्या कामाचा प्राणी. ईजीए पद्धतीची ३२० × २०० पिक्सेलची, १६ रंगांची स्क्रीन म्हणजे ३२,००० बाइट. आजच्या फोनपुढे काहीच नाही, पण तेव्हाच्या प्रोसेसरला आणि तिथवर जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेला ते दर फ्रेमला पूर्ण भरणं झेपत नव्हतं. खेळ अडखळायचा.

कारमॅकने दोन गोष्टी जोडल्या. ईजीए कार्डला सांगता येत होतं की मेमरीत चित्र कुठून वाचायला सुरुवात करायची. स्क्रीनपेक्षा थोडं मोठं चित्र मेमरीत काढून ठेवलं आणि सुरुवातीचा बिंदू एकेक पिक्सेलने पुढे नेला, तर एकही पिक्सेल न लिहिता दृश्य सरकतं. पण हे काढून ठेवलेल्या पट्टीच्या टोकापर्यंतच. तिथे पोचलं की सगळं पुन्हा काढायची वेळ येते. इथे दुसरी युक्ती. दृश्य १६ × १६ पिक्सेलच्या फरशांचं बनवलेलं होतं. एक फरशी पुढे सरकल्यावर प्रत्येक जागी आधी कुठली फरशी होती आणि आता कुठली हवी, हे ताडून बघायचं. आकाशाची निळी फरशी होती आणि पुन्हा आकाशाचीच निळी फरशी हवी असेल, तर हात लावायचा नाही. वेगळी असेल तेवढीच बदलायची. याला 'अडॅप्टिव्ह टाइल रिफ्रेश' म्हणतात.

त्याने आणि टॉम हॉलने एका रात्रीत मारियो ३चा पहिला टप्पा पीसीवर चालवून दाखवला. निन्तेंदोला त्यात रस नव्हता. मग त्याच तंत्रावर 'कमांडर कीन' निघाला, डिसेंबर १९९०मध्ये, आणि फेब्रुवारी १९९१मध्ये त्याच मुलांनी आयडी सॉफ्टवेअर काढली. 'डूम' आणि 'क्वेक' पुढे त्याच कंपनीचे.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोडमध्ये नाहीच. आकाशात, जमिनीत तीच तीच फरशी जितकी जास्त, तितका गेम वेगाने पळणार. म्हणजे चित्र काढणाऱ्याने प्रत्येक फरशीवर वेगळा ढग काढला असता तर कारमॅकची हुशारी तिथेच संपली असती. हे पुढे पुन्हा येईल.

मग ही युक्ती गेली कुठे?

थ्रीडी आलं. बीजीएमआयमध्ये तुम्ही बोट जरा हलवलं की कॅमेरा वळतो आणि स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल बदलतो. झाड, भिंत, आकाश, सावली, सगळं. मळका चौकोन म्हणजे पूर्ण स्क्रीन. नोंद ठेवण्यातच वेळ जाणार, त्यापेक्षा सरळ सगळं काढा. ग्राफिक्स चिप्सही तेवढ्यात इतक्या ताकदवान झाल्या की 'पुसा आणि सगळं काढा' हाच पाठ पडला. कॉलेजात, यूट्यूबवर, गेम इंजिनच्या शिकवणीत, सगळीकडे पहिल्याच धड्यात लूप शिकवला जातो: स्क्रीन साफ करा, सगळं काढा, दाखवा, परत पहिल्यापासून. लुडो बनवणारा पोरगाही तोच धडा शिकून आलेला असतो.

मोबाइलवर आणखी एक गंमत झाली, जी बऱ्याच प्रोग्रामरनाही ठाऊक नसते. फोनमधल्या ग्राफिक्स चिप्स स्क्रीनचे छोटे तुकडे पाडतात, एकेक तुकडा चिपच्या पोटातल्या छोट्या, जलद मेमरीत रंगवतात आणि पूर्ण झाला की बाहेरच्या मोठ्या मेमरीत टाकतात. आता तुम्ही म्हणालात की मागचं चित्र तसंच ठेव, मी त्यावर फक्त एक सोंगटी काढतो, तर चिपला मागचं चित्र आधी बाहेरून आत आणावं लागतं. तुकड्या-तुकड्याने, पूर्ण स्क्रीनचं. बचत करायला गेलो आणि ने-आण वाढवून बसलो! म्हणूनच मोबाइल चिप बनवणारे सल्ला देतात की फ्रेमच्या सुरुवातीला स्क्रीन साफ करून टाका. साफ केलं की 'जुनं आणायची गरज नाही' हे चिपला कळतं.

त्यावर उपाय आहे. फ्रेम काढायच्या आधीच चिपला सांगायचं की या फ्रेमला मी फक्त अमुक चौकोनाला हात लावणार आहे, मग ती तेवढेच तुकडे आणते आणि बाकीचे सोडून देते. अँड्रॉइडच्या ग्राफिक्स प्रणालीत यासाठी 'पार्शल अपडेट' नावाची सोय आहे. पण एक गुंता उरतोच. स्क्रीनसाठी एकच पाटी नसते. एका पाटीवरचं चित्र तुम्ही बघत असता तेव्हा दुसरीवर पुढचं काढणं चालू असतं, कधी तिसरीही असते. म्हणजे आता हातात आलेल्या पाटीवरचं चित्र मागच्या फ्रेमचं नसतं, दोन-तीन फ्रेम आधीचं असतं. नुसता या फ्रेमचा मळ धुतला तर मधल्या फ्रेमचा मळ तसाच राहतो आणि सोंगटी लुकलुकायला लागते. म्हणून पाटी किती जुनी आहे ते विचारायचं, त्याला 'बफर एज' म्हणतात, आणि तेवढ्या फ्रेमचे मळके चौकोन एकत्र करून धुवायचे. ज्याने हे एकदा हाताने लिहिलं आहे तो 'सगळंच काढू या' म्हणणाऱ्यांना फार दोष देत नाही.

फोन गुपचूप काय करतो

साध्या ॲप्समध्ये हे काम अँड्रॉइड स्वतः करतं. व्हॉट्सॲपमध्ये कर्सर लुकलुकतो तेव्हा अख्खा चॅट पुन्हा रंगवला जात नाही. पूर्वी प्रोग्रामर सिस्टीमला मळका चौकोन सांगू शकायचा. अँड्रॉइड ५.०पासून हार्डवेअरच्या मदतीने चित्र काढताना तो सांगितलेला चौकोन सरळ दुर्लक्षित केला जातो. सिस्टीम स्वतःच हिशोब करते. माणसावर विश्वास न ठेवण्याचा निर्णय, आणि योग्य निर्णय.

गेममध्ये मात्र स्क्रीनचा ताबा गेम इंजिनकडे असतो, अँड्रॉइडला आत काय बदललं ते दिसत नाही. तिथे शेवटचा पहारेकरी चिप. आर्म कंपनीच्या माली ग्राफिक्स चिप्समध्ये 'ट्रान्झॅक्शन एलिमिनेशन' नावाची सोय आहे. प्रत्येक तुकडा रंगवून झाला की त्याची एक छोटी खूण काढली जाते, आपल्या बोटाच्या ठशासारखी. मागच्या फ्रेममधल्या त्याच तुकड्याची खूण तीच असेल तर तो तुकडा बाहेरच्या मेमरीत लिहिलाच जात नाही. आर्मने हे तंत्र समजावताना तुकडा सांगितला आहे १६ × १६ पिक्सेलचा. कमांडर कीनची फरशी!

पण फरक बघा. कीनमध्ये न बदललेली फरशी काढलीच जात नव्हती. इथे चिप तुकडा पूर्ण रंगवते आणि मग म्हणते, अरे, हे तर तेच आहे. लिहिण्याची वीज वाचली, रंगवण्याची गेली. आळशी कोडला चिप थोडं सावरून घेते, सगळं नाही.

ढगाचा प्रश्न

काही काळापूर्वी मी एका छोट्या टीमसोबत पत्त्यांच्या गेमवर काम करत होतो. पैशांचा नव्हे, साधा टाइमपासचा. त्यात खेळाडूला विचार करायला काही सेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात हलतं काय, तर नावाभोवती फिरणारी टायमरची रेघ. बाकी टेबल, पत्ते, चेहरे सगळे स्थिर. स्वस्त फोन हातात धरून दोन डाव खेळलं की पाठ गरम.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. जागेत बचत, म्हणजे मळके चौकोन. किंवा वेळेत बचत, म्हणजे काही घडत नाही तेव्हा फ्रेमच कमी काढायच्या. आम्ही दुसरी घेतली, कारण युनिटी इंजिनमध्ये २०१९.३ या आवृत्तीपासून 'ऑन डिमांड रेंडरिंग' आहे. यात गेमचं डोकं नेहमीच्या वेगाने चालू राहतं, स्पर्श लगेच कळतो, फक्त चित्र काढणं दर तिसऱ्या-चौथ्या वेळी होतं. बोट टेकलं की पुन्हा पूर्ण वेग. गोडोट इंजिनमध्येही 'लो प्रोसेसर मोड' आहे, त्यात बदल झाला नाही तर चित्र पुन्हा काढलंच जात नाही.

कोड दोन दिवसांत झाला. अडलं ते टेबलाच्या कापडावर. आमच्या डिझायनर ताईने त्यावर हळूहळू फिरणारी सोनेरी झाक टाकली होती. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण ती झाक सतत हलते म्हणजे स्क्रीनचा तीन-चतुर्थांश भाग सतत मळतो. फ्रेम कमी केल्या की ती झाक धक्के खात फिरते. ती म्हणाली, "झाक काढली तर टेबल मेल्यासारखं दिसतं." मी म्हणालो, झाक ठेवली तर फोन मरेल. शेवटी ठरलं असं की झाक फक्त तुमची पाळी येते त्या क्षणी एकदा फिरून जाते. गंमत म्हणजे त्यामुळे 'आता तुझी पाळी' हे जास्त ठसठशीत कळायला लागलं. फोनची पाठही त्या मानाने गार राहायला लागली. १९९०मध्ये ज्या ढगाचा प्रश्न होता, तोच आमच्याकडे सोनेरी होऊन आला होता.

आणि आता एआय फ्रेम

हाच प्रश्न थ्रीडी गेममध्ये वेगळ्या रूपात परत आलेला आहे. पूर्ण स्क्रीन बदलते हे खरं, पण बदलते म्हणजे बहुतांशी सरकते. भिंतीवरची वीट मागच्या फ्रेममध्येही होती, फक्त थोडी डावीकडे. मग जुन्या फ्रेममधले पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवता येतील का? २०१६च्या प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये बरेच गेम बुद्धिबळाच्या पटासारखे एका फ्रेमला अर्धे चौकोन काढायचे, उरलेले आधीच्या फ्रेमवरून भरायचे. फोनमध्ये स्नॅपड्रॅगन ८८८पासून 'व्हेरिएबल रेट शेडिंग' आलं, म्हणजे आकाशासारख्या सपाट भागात रंगाचा हिशोब प्रत्येक पिक्सेलला वेगळा न करता घोळक्याने करायचा. एनव्हिडियाचं डीएलएसएस लहान चित्र काढतं आणि जुन्या फ्रेमच्या मदतीने मोठं करतं. ऑगस्ट २०२५मध्ये आर्मनेही फोनच्या ग्राफिक्स चिपमध्ये यासाठी खास एआय विभाग आणणार असल्याचं जाहीर केलं. ही सगळी मला मळक्या चौकोनाची नातवंडं वाटतात. जे आहे ते वापरा, नवीन असेल तेवढंच काढा.

पण फ्रेम जनरेशन याच घरातलं म्हणून विकलं जातं, ते वेगळं आहे. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाने डीएलएसएस ४ आणलं, त्यात खऱ्या एका फ्रेममागे एआय तीनपर्यंत फ्रेम स्वतः बनवतं. त्याच मंचावर ५४९ डॉलरचं ५०७० कार्ड आधीच्या महागड्या ४०९०ची बरोबरी करेल असं सांगितलं गेलं, अर्थात या बनवलेल्या फ्रेम धरून. काही गेमिंग फोनमध्येही मधल्या फ्रेम भरणारी सोय असते. ६०चे १२० होतात. डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, हे नाकारायचं कारण नाही. पण बनवलेल्या फ्रेममध्ये तुमच्या बोटाची बातमी नसते. शिवाय दोन फ्रेमच्या मधली बनवायची तर पुढची खरी फ्रेम आधी हातात यावी लागते, तोवर ती रोखून धरायची, म्हणजे तुमची गोळी उलट जरा उशिरा सुटलेली दिसते. निसर्ग बघत फिरायच्या गेममध्ये चालेल. समोरून कुणी गोळ्या झाडत असेल तर मी बंद ठेवीन.

आणि बॅटरीच्या बाजूने विचारलं तर कारमॅकची युक्ती काम कमी करून वेग देत होती. ही युक्ती काम वाढवून आकडा देते. खरी फ्रेम काढण्यापेक्षा ते काम स्वस्त पडतं हे मान्य, पण लुडोच्या स्थिर पटावर स्वस्तातली फ्रेम तरी कशाला हवी?

एक गैरसमज इथेच दूर करतो. मेमरी महागली म्हणून स्क्रीनचा थोडाच भाग ताजा केल्याने ४ जीबीच्या फोनमध्ये ८ जीबीचे गेम मावणार नाहीत. मावणं वेगळं, ने-आण वेगळी. इथे वाचते ती ने-आण, म्हणजे उष्णता आणि बॅटरी. जुना फोन दोन वर्षं ओढायचा तर तेच लागतं.

तुमच्या फोनवर बघा

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते. त्यात 'शो रिफ्रेश रेट' चालू करा. कोपऱ्यात आकडा दिसायला लागेल. होम स्क्रीनवर बोट फिरवा, १२० किंवा ९०. हात काढून घ्या आणि थांबा. चांगल्या एलटीपीओ स्क्रीनचे महाग फोन खूप खाली उतरतात, साध्या स्क्रीनचे बहुतेक फोन ६०वर थांबतात. तिथे स्क्रीन स्वतः हळू होऊ शकत नाही, म्हणून गेमने कमी काढणं आणखी गरजेचं.

तिथेच 'शो सरफेस अपडेट्स' आहे. ते चालू केलं की ज्या खिडकीत नवीन चित्र आलं ती चमकते. लखलखाटाचा त्रास होणाऱ्यांनी हे करू नये. बाकीच्यांनी आधी मेसेजचं ॲप उघडून नुसतं बघत बसावं, चमक जवळपास थांबते. मग आपला आवडता बोर्ड गेम उघडा, पट समोर ठेवा आणि काहीही करू नका. एक गोष्ट समजून घ्या, गेम म्हणजे अँड्रॉइडच्या लेखी एकच मोठी खिडकी, त्यामुळे आत सोंगटी हलली की सगळं रानोमाळ ते कळत नाही. पण काहीच हललेलं नसताना खिडकी चमकतच राहिली, तर गेम तेच चित्र परत परत पाठवतोय एवढं नक्की.

खाली जाहिरातीची पट्टी असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. तिच्यात एखादं बटण नुसतं धडधडत असेल तर पट शांत असूनही स्क्रीनला विसावा नाही. मग गेमच्या सेटिंगमध्ये जा. ग्राफिक्सखाली 'बॅटरी सेव्हर' किंवा ३० एफपीएसचा पर्याय दिसला तर लुडो, कॅरम, पत्ते, बुद्धिबळ यांना तो लावून टाका. नसेल तर फोनच्या स्वतःच्या गेम मोडमध्ये काही कंपन्या प्रत्येक गेमला वेगळी मर्यादा घालू देतात. १२०चा आकडा बीजीएमआयला ठेवा, तोही तुमच्या मॉडेलवर गेम देत असेल तर, कारण निवडक फोनवरच तो मिळतो. बघून झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करायला विसरू नका, ती चमक दाखवण्यातही बॅटरी जातेच.